नथ्थूजींनी पसंत केलेला बिल्ला

नथ्थूजींच्या नाकपुडीला भोक होतं. पन्नाशीला आलेल्या, खाकी सदरा घालणाऱ्या सरकारी माणसाच्या नाकाला भोक पाहून मी नवीन असताना त्यांच्याकडे बघतच राहिले होते, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली होती. हे झाले तेव्हा सुईणीनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, परत आणलं आणि नाक टोचून त्यात नथ घातली. टाकून दिलेली पोर आहे, हिला नेऊन काय करायचं, असं काळाला वाटावं म्हणून. नावही तेच पडलं.

"म्हनून राह्यलो," ते म्हणाले. "भोक पाडलं म्हनून राह्यलो. नाही तं मीबी गेलो असतो."

हे त्यांनी थट्टेनं सांगितलं नव्हतं. त्यांचा त्यावर विश्वास होता.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर. नेरहून यवतमाळकडे जाताना रस्त्यापासून आत, एका खडकाळ माळावर सरकारनं मेंढ्यांचं पैदास केंद्र काढलं होतं, तिथं त्यांची नेमणूक होती. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. जे हुकूम नागपूरहून यायचे ते आता दुसरीकडून येऊ लागले होते, आणि आपला साहेब नक्की कोण, हे केंद्रावर कुणालाच धड माहीत नव्हतं. मी लग्न होऊन अमरावतीहून तिथं आले. राहायला तीन खोल्यांची तीन घरं. एक आमचं, एक नथ्थूजींचं, आणि तिसऱ्यात सरकीची ढेप भरलेली. नथ्थूजी भोयर तिथले स्टॉकमन, म्हणजे मेंढ्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. त्यांची बायको वेणूबाई हीच काय ती मला शेजार.

उंच, वाळकं शरीर, डोक्यावर पांढरी टोपी, खाकी सदऱ्याखाली धोतर. बोलणं सावकाश. मेंढी व्याली की ते पिल्लाला कोकरू म्हणत नसत. 'पाहुणा' म्हणत. राहतो की जातो हे ठरेपर्यंत तो पाहुणाच. काही दिवसांनी त्याच्या कानात नंबराचा बिल्ला बसला की मग ते त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत, "आला मोजनीत." त्यांच्या लेखी त्या दिवशी तो जीव खरा जन्मला. नंबर असलेला जीव सरकारला विसरता येत नाही, तो मेला तरी कुणीतरी का मेला म्हणून विचारतं, असं ते म्हणायचे.

बिल्ला घालायचं काम ते सकाळच्या उन्हात करत. मी ओट्यावर तांदूळ निवडत बघत असे. कोकरू मांडीवर घ्यायचं, त्याचा कान दोन बोटांत धरून सूर्याकडे करायचा. पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा तो कान लाल उजळायचा आणि त्यातली शीर न् शीर दिसायची. दोन शिरांच्या मधली जागा ते शोधत. लवकर सापडली नाही तर दुसरा कोन करून बघत, आणि मनाजोगती जागा मिळेपर्यंत पक्कड हातात घेत नसत. पक्कड आधीच उकळून ठेवलेली. मादीला डावा कान, नराला उजवा. एकदा कट्ट आवाज झाला की जखमेवर जवसाच्या तेलात कालवलेली हळद. कोकरू मान झटकायचं, आणि ते थांबेपर्यंत नथ्थूजी त्याला सोडत नसत. मग आईपाशी नेऊन ती त्याला हुंगून जवळ घेते का, हे उभं राहून बघत. एवढं सगळं होईपर्यंत डॉक्टरसाहेबांनी हाक मारली तरी उत्तर नाही. हात धुऊन विडी पेटवली की मग 'काय म्हनता, साहेब?'

त्या वेळचे बिल्ले ॲल्युमिनियमचे होते, पातळ आणि हलके. माळावर बोरी-बाभळीचं रान. मेंढ्या चरताना कान काट्यात अडकायचा आणि बिल्ला निघून पडायचा. संध्याकाळी नथ्थूजी खाली मान घालून माळावर फिरताना दिसत. काय शोधताहेत ते मला पुढं कळलं. कधी एखादा बिल्ला सापडायचा, बऱ्याचदा नाही.

अशाच एका पडलेल्या बिल्ल्यावरून सवाईरामचं प्रकरण झालं. सवाईराम जवळच्या तांड्यावरचा बंजारा, केंद्रावर मेंढ्या राखायला होता. नथ्थूजी आणि तो बरीच वर्षं बरोबर काम करत होते. कळप घेऊन परत येताना तो गोरबोलीत काहीबाही गात यायचा, आणि त्याचं गाणं ऐकू आलं की नथ्थूजी मेंढवाड्याचं फाटक उघडायला जायचे. एकदा वरून तपासणीला साहेब आले. एका चांगल्या मेंढीचा नंबर कळपात सापडेना, आणि एक मेंढी बिनबिल्ल्याची निघाली. तपासणीसांनी सरळ अर्थ लावला की राखणदारानं चांगली मेंढी विकली आणि घरची आणून घातली. नथ्थूजी पुढं झाले. ही तीच मेंढी आहे, मीच तिच्या कानात बिल्ला घातला होता, हा बघा फाटलेला कान, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. साहेब एवढंच म्हणाले, "नंबर दाखवा."

नंबर नव्हता. सवाईरामला पोलीस घेऊन गेले. तो परत आला तेव्हा एक पाय ओढत चालत होता. नोकरी गेली. चोर हा शिक्का घेऊन तांड्यावर राहवेना, म्हणून तो बायकापोरांना घेऊन कुठंतरी कामाला निघून गेला, आणि पुन्हा त्याची खबर लागली नाही. तो गेल्यावर नथ्थूजी तांड्यावर जाऊन आले. काय झालं म्हणून माझ्या यजमानांनी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या याडीनं पानी देल्लं. बोलली नाही."

याडी म्हणजे आई. ते पाणी त्यांना फार लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते एकच गोष्ट घोळवत राहिले. शेवटी यजमानांपाशी येऊन म्हणाले, "साहेब, निघनारच नाही असा बिल्ला पायजे."

योगायोगानं वरच्या कचेरीला तेव्हा नवीन बिल्ले घ्यायचे होते. तिथून तीन तऱ्हांचे नमुने आले आणि केंद्राचं मत विचारलं गेलं. एक होता पूर्वीसारखाच पत्र्याचा, थोडा जाड. दुसरा दोन तुकड्यांचा, बटणासारखा बसणारा. तिसरा पितळेचा, कडीसारखा, एकदा मिटला की मिटला. यजमानांनी ते नथ्थूजींच्या हातात ठेवले आणि तुम्हीच ठरवा म्हणाले.

तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान असावा. त्यांनी ते काम एखाद्या सोयरिकीसारखं मनावर घेतलं. बिल्ले बाभळीच्या फांदीला अडकवून ओढून पाहिले, दगड बांधून लोंबकळत ठेवले. पत्र्याचा वाकला, बटणाचा उचकटला. पितळेची कडी तशीच राहिली. मग चैत्रात एके दिवशी वेणूबाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे आली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. नथ्थूजींनी ती कडी पक्कडीनं स्वतःच्या कानाच्या पाळीत बसवून घेतली होती.

आठवडाभर ते तसेच वावरले. नेरच्या बाजाराला तसेच गेले. कापसाच्या गाड्यांवरची माणसं हाका मारून नंबर विचारत होती म्हणे. वेणूबाईनं मला गळ घातली, "बाई, तुमी तरी सांगा त्यायले. सोयरे येनार हायेत घरी." मी काय सांगणार? यजमान पहिल्या दिवशी हसले, नंतर हसले नाहीत. आठवडा संपल्यावर नथ्थूजींनी कडी कापून काढली आणि कान दाखवायला आले. सूज नाही, पू नाही. एवढ्याशा कोकराच्या कानाला हे वजन जास्त नाही का होणार, असं यजमानांनी विचारलं. नथ्थूजी म्हणाले की कोकरू वाढते, कान वाढते, पितळ तेवढंच राहते. आणि एकदा घातला की जन्माची काळजी मिटली.

यजमानांनी तसं लिहून पाठवलं. आमच्या अनुभवी स्टॉकमननं हा बिल्ला स्वतःच्या कानात घालून पारखला आहे, असं नावासकट लिहिलं. इंग्रजीतला तो मजकूर त्यांनी नथ्थूजींना मराठीत सांगितला, तेव्हा ते टोपी हातात घेऊन ऐकत होते.

पितळी बिल्ले आले ते आषाढात. मृगाच्या आगेमागे व्यालेल्या मेंढ्यांची पिल्लं तेव्हा बिल्ल्याजोगती झाली होती. त्या वर्षी पावसानं उसंत दिली नाही. ऊन पडेपर्यंत थांबायचं म्हटलं तर पिल्लं मोजणीबाहेर राहणार, आणि सवाईराम गेल्यापासून नथ्थूजींना बिननंबराचं पिल्लू बघवत नसे. त्यांनी मेंढवाड्याच्या पडवीत बसून, कंदील कानामागे धरून शिरा बघितल्या आणि सगळ्या पिल्लांना बिल्ले घातले. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटचं पिल्लू सोडताना म्हणाले, "आता कोनी म्हनू शकत नाही, नंबर दाखवा म्हनून."

काही दिवसांनी कोकरं मान एका बाजूला टाकून चालू लागली. आधी आम्हांला ते वजनामुळं वाटलं. मग वास येऊ लागला. कडी जखमेत सतत हलत होती, जखम सुकत नव्हती, ओल्या लोकरीखाली पितळ हिरवं पडलं होतं. माश्या बसल्या आणि किडे पडले. यजमानांनी फिनेल वापरलं, टर्पेंटाइन वापरलं. वेणूबाई सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस जखमांवर पिळायची. पण एका बाजूनं साफ करावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वासामुळं आया पिल्लांना हुंगून लाथेनं दूर करू लागल्या. वेणूबाई आणि मी कापडाची वात दुधात भिजवून त्यांच्या तोंडात धरत होतो. काही चोखायची, काहींना तेवढाही जोर उरला नव्हता.

बिल्ले काढायचे ठरलं. निघू नये म्हणूनच तो बिल्ला निवडला होता, आणि तो निघत नव्हता. नेरच्या लोहाराकडून पत्रा कापायची कात्री आणली. कडी कापताना सुजलेला कान फाटायचा, पिल्लू किंचाळायचं. ते काम नथ्थूजींनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ज्या मांडीवर घेऊन बिल्ले घातले त्याच मांडीवर घेऊन त्यांनी एकेक कापून काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. रोज सकाळी टोपलीवर पोतं टाकून ते नाल्याकडे जायचे, टोपली रिकामी करून यायचे आणि पुन्हा कात्री घेऊन बसायचे. पोळ्यापर्यंत त्या विणीतली फारच थोडी पिल्लं उरली होती, आणि उरलेल्यांना धड कान नव्हते.

यजमानांनी सगळं खरं खरं वर कळवलं. वरून उत्तर आलं की यंदा पाऊस सगळीकडेच जास्त आहे, पिल्लं दगावणारच, केंद्राचा दोष धरलेला नाही.

आम्हांला हायसं वाटलं. नथ्थूजी मात्र दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून आमच्या दारात उभे राहिले.

"साहेब, माह्यावर काही तरी करा."

"काय करू?" यजमानांनी विचारलं.

"लिवा का ह्या मानसानं मारले. सवाईले नेलं तसं मले न्या."

यजमान त्यांना बसवून बराच वेळ समजावत होते. तुम्ही मुद्दाम केलं का, तुम्ही तर आधी स्वतःच्या कानात घालून बघितला होता, यापेक्षा आणखी कुणी काय करायचं असतं?

नथ्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहा कान मानसाचा हाय, साहेब. आन् चैतात पानी नसते. हे मले तवा काहून सुचलं नाही?"



एवढ्यावर भागलं असतं तरी तो माणूस कदाचित सावरला असता. पण दिवाळीच्या सुमारास कळलं की तेच पितळी बिल्ले आता इतर केंद्रांवरही जाणार आहेत. आमच्या केंद्रानं पारखून दिले होते, त्या भरवशावर. यजमानांनी लगेच विरोधात लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हाही नाही. नथ्थूजी रजा टाकून एसटीनं यवतमाळला जाऊ लागले. तिथं एका साहेबाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. वेणूबाई भाकरी बांधून द्यायची, ती बहुतेक तशीच परत यायची. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी तिथल्या एका भल्या कारकुनाला दया आली. त्यानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की बाबा, हुकूम निघाला, माल गेलासुद्धा. तुम्ही कायले जीव जाळता? कागदावर तुमचं नाव चांगल्या शब्दांत आहे. झाली तर बढतीच होईल.

हे सगळं त्यांनी आमच्या अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. वेणूबाई मागं येऊन थांबली होती. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "माह्या नावानं घालून राह्यले वं."

त्या दिवसापासून त्यांनी जनावराला हात लावला नाही. पक्कड आणून यजमानांच्या टेबलावर ठेवली आणि मला फाटकावर चौकीदार करा म्हणाले. पगार कमी होईल म्हटलं तर हो म्हणाले. यजमानांनी कागदोपत्री त्यांना स्टॉकमनच ठेवलं आणि फाटकावर बसू दिलं. एखादं कोकरू चुकून त्यांच्या पायांत आलं तर ते दोन्ही हात वर धरून उभे राहायचे, कुणीतरी येऊन ते उचलून नेईपर्यंत. वेणूबाईनं त्यांना माहूरच्या देवीला नेलं. गेले, पाया पडले, परत येऊन फाटकावर बसले.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. तिचे कान टोचायला नेरहून सोनार यायचा होता. नथ्थूजी बारशाला आले होते, पाळण्याला हातही लावला होता, म्हणून मी त्यांना त्या दिवशी जेवायला बोलावलं. सोनार आला तेव्हा फाटकावर कुणी नव्हतं. पोर दोनदा रडली आणि गप्प झाली. संध्याकाळी नथ्थूजी नाल्याच्या पलीकडून येताना दिसले. पान वाढून ठेवलं होतं. ते वेणूबाईनं घरी नेलं.

आमची बदली झाली ती दूर, मराठवाड्यातल्या दुसऱ्या मेंढी केंद्रावर. सामान ट्रकमध्ये चढवायला नथ्थूजींनी मदत केली. दोर त्यांनीच आवळले. सगळं झाल्यावर ते यजमानांच्या बाजूला आले आणि ट्रकच्या दाराला धरून म्हणाले, "साहेब, तिकडं कोनते बिल्ले हायेत ते कळवा." यजमान बरं म्हणाले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी नथ्थूजींनी दार सोडलं नव्हतं. वेणूबाईनं त्यांचा हात धरून बाजूला घेतलं.

नव्या केंद्रावर आम्ही पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सकाळी मी बाहेर आले तर यजमान कुंपणापाशी उभे होते. आत कोकरं होती, आणि मान एका बाजूला टाकून चालत होती. आमचा ट्रक अजून तिथंच होता. ड्रायव्हर चहा पीत होता. यजमान त्याच्याकडे गेले आणि म्हणाले की नथ्थूजींना सांग, इकडं पत्र्याचेच बिल्ले आहेत, ते पितळी इथं आलेच नाहीत. ड्रायव्हरनं एकदा कोकरांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं साहेब." नंतर यजमानांनी त्या केंद्रावरचे बिल्ले कापून काढायला घेतले. त्यावरून त्यांना वरच्यांची बरीच बोलणी खावी लागली. पण नथ्थूजींना काय सांगितलं याबद्दल आम्ही दोघं आपसांत कधी बोललो नाही.

त्यानंतर नथ्थूजी मला एकदाच दिसले. मी अमरावतीहून यवतमाळला एका लग्नाला चालले होते. बस नेरच्या स्टँडवर थांबली. पाणी प्यायला खाली उतरले तर पिशवी घेऊन ते उभे. सदरा आता खाकी नव्हता. त्यांनी मला ओळखलं. डॉक्टरसाहेब कसे आहेत, पोर कितवीत आहे, सगळं विचारलं. वेणूबाई आदल्या उन्हाळ्यात गेली होती. लेक बाभुळगावला दिलेली, तिच्याकडे राहायला चालले होते.

बोलायला काही उरलं नाही तेव्हा, त्यांना बरं वाटावं म्हणून मीच विचारलं, "नथ्थूजी, साहेबांचा निरोप पोचला होता ना तुम्हांला?"

"पोचला," ते म्हणाले. "ड्रायव्हर मुद्दाम आत आलता सांगाले. पन सांगत होता तं माह्याकडं पाहात नव्हता. फाटकाकडं पाहात होता."

मी हातातला पाण्याचा तांब्या बाकावर ठेवला.

"साहेबायले काही बोलू नका," ते म्हणाले. "मानूस चांगला. त्यायले ते सांगाले लय जड गेलं असन. पन बाई, तवापासून असं झालं का मले कोनी काही बरं सांगतलं, का मी आधी त्याच्या डोयाकडं पाहातो."

तेवढ्यात त्यांची बस लागली. माणसं गठुडी-बोचकी घेऊन दाराशी एकच गर्दी करून चढू लागली. नथ्थूजी एका पोरवालीला वाट देत मागं सरले, मग एका म्हाताऱ्याला, मग आणखी कुणाला. बस भरली, कंडक्टरनं दार ओढून घंटी दिली आणि ती निघून गेली. ते तिच्या मागं धावले नाहीत की त्यांनी हाकही मारली नाही. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला म्हणून मी चढले. खिडकीतून मी त्यांना पुढची बस केव्हा आहे म्हणून विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. आमची बस वळेपर्यंत ते त्याच जागी उभे होते. समोरचा रस्ता रिकामा झाला होता तरी पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती.